भोसलेकुलाच्या राजसमाधि आणि स्पेनचें एस्कोरिअल

१

राजा जिवंत असतां त्याचें सिंहासन कोठें होतें हें इतिहासकार कसोशीनें शोधतो. राजा निवर्तल्यावर त्याच्या देहाचें काय झालें, तो कोणाच्या शेजारीं विसांवला, त्याच्या नांवानें दिवा कोण लावीत होतें, हे प्रश्न मात्र आपल्याकडे बहुधा मागें पडतात. वस्तुतः राज्य म्हणजे काय याविषयींची त्या त्या समाजाची समजूत जितकी राज्याभिषेकांत दिसते, तितकीच राजाच्या अंत्यसंस्कारांतहि दिसते. अभिषेकाचें वर्णन दरबारी लेखक करितात व त्यांत अतिशयोक्ति यावयाचीच. स्मशानांतल्या दगडास तेवढी वाक्पटुता नसते.

या विषयांत एक आक्षेप वारंवार ऐकूं येतो. युरोपांतील राजवंशांनीं आपल्या पूर्वजांच्या शवपेटिका शतकानुशतकें एकत्र जपून ठेविल्या. आपल्या राजांच्या समाधि मात्र रानोमाळ विखुरलेल्या, कांहीं तर नदीच्या गाळांत रुतलेल्या. यावरून मराठ्यांस इतिहासाची आस्था नव्हती, असें अनुमान काढण्यांत येतें. प्रस्तुत लेखांत हें अनुमान तपासावयाचें आहे. त्यासाठीं स्पेनच्या राजघराण्याचें एस्कोरिअल येथील शवागार एका बाजूस ठेवून, दुसऱ्या बाजूस भोसलेकुलाच्या समाधि आपण क्रमानें पाहूं. दोहोंमधील भेद आस्थेचा नसून विधीचा आहे, आणि दोहोंचें रक्षण मात्र एकाच गोष्टीनें झालें, असें आमचें प्रतिपादन आहे.

२

माद्रिद शहराच्या वायव्येस सुमारें ४५ किलोमीटरांवर, ग्वादर्रामा पर्वताच्या उतरणीवर, सेंट लॉरेन्स या ख्रिस्ती हुतात्म्याच्या नांवानें उभारलेला एक प्रचंड मठ आहे. तोच एस्कोरिअल. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या सैन्यानें इ. स. १५५७ च्या १० ऑगस्ट रोजीं, म्हणजे ऐन सेंट लॉरेन्सच्या सणाच्या दिवशीं, सेंट क्वेंटिन येथें फ्रेंचांचा पराभव केला. त्या विजयाचें स्मरण राहावें आणि आपल्या मातापितरांच्या देहांस कायमची जागा मिळावी, असे दोन हेतु मनांत धरून फिलिपनें १५६३ मध्यें पायाचा दगड बसविला; १५८४ मध्यें शेवटचा दगड बसला. मठ, मंदिर, राजवाडा, ग्रंथालय आणि राजकुलाचें शवागार हीं सर्व एकाच वास्तूंत सामावलेलीं आहेत.

फिलिपचा पिता पांचवा चार्ल्स हा जन्मभर फिरतीवर असलेला बादशहा होता. राज्यत्याग केल्यावर तो यूस्ते येथील मठाच्या आश्रयास जाऊन राहिला व तेथेंच १५५८ मध्यें वारला. त्याचा देह १५७४ मध्यें एस्कोरिअल येथें आणण्यांत आला. आज प्रेक्षक जें संगमरवरी शवागार पाहतात, तें मात्र पुढील दोन राजांच्या कारकीर्दींतलें आहे. तिसऱ्या फिलिपनें त्याचें काम १६१७ मध्यें आरंभिलें, आणि चौथ्या फिलिपनें तें पूर्ण करून १६५४ मध्यें पूर्वजांचे देह तेथें समारंभानें हलविले. त्या वर्षीं शिवाजीमहाराज चोवीस वर्षांचे होते, म्हणजे हें शवागार आपल्या स्वराज्याचें समकालीन होय.

हें दालन मंदिराच्या मुख्य वेदीच्या थेट खालीं आहे. भिंतींतील कोनाड्यांत एकावर एक अशा २६ संगमरवरी शवपेटिका मांडल्या आहेत. एका बाजूस राजे, दुसऱ्या बाजूस राण्या. राण्यांविषयीं नियम असा कीं, जिचा पुत्र पुढें राजा झाला तिलाच सामान्यतः येथें जागा मिळावी. बाराव्या आल्फोन्सोची पहिली पत्नी मरिया दे लास मेर्सेदेस ही १८७८ मध्यें निपुत्रिक वारली. ती राणी होती, तरी या दालनांत तिला प्रवेश मिळाला नाहीं. २००० मध्यें तिचे अवशेष माद्रिदच्या आल्मुदेना मंदिरांत नेण्यांत आले. उलट दुसरी इझाबेला स्वतःच्या अधिकारानें राज्य करीत होती, म्हणून ती राजांच्या बाजूस आहे व तिचा पति राण्यांच्या बाजूस. ज्यांस या दालनांत जागा नाहीं अशा राण्या, राजपुत्र व राजकन्या यांच्यासाठीं शेजारींच दुसरें शवागार असून, तें एकोणिसाव्या शतकांत पूर्ण झालें.

या व्यवस्थेंतील एक बारकावा आपल्या दृष्टीनें फार महत्त्वाचा आहे. राजाचा देह मृत्यूनंतर लगेच संगमरवरी पेटिकेंत ठेवीत नाहींत. ‘पुद्रिदेरो’ नांवाच्या बंद खोलींत तो प्रथम कांहीं दशकें ठेवितात. पुद्रिदेरो म्हणजे कुजण्याची जागा. मांस नाहींसें होऊन केवळ अस्थि उरल्या म्हणजे त्या लहानशा शिशाच्या पेटींत भरून अखेरच्या जागीं नेतात. तेराव्या आल्फोन्सोचा पुत्र व पुढें राजा झालेल्या हुआन कार्लोसचा पिता, बार्सिलोनाचा काउंट हुआन हा १९९३ मध्यें आणि त्याची पत्नी २००० मध्यें निवर्तली. त्यांचे देह याच खोलींत ठेविण्यांत आले. त्यांच्यानंतर पुढील राजांसाठीं मुख्य दालनांत एकहि पेटिका शिल्लक राहत नाहीं.

या एकत्र कुलनिवासासहि अपवाद आहेतच. बूर्बों घराण्याचा पहिला राजा पांचवा फिलिप याची समाधि ला ग्रांखा येथें आहे, आणि त्याचा पुत्र सहावा फर्डिनांड याची माद्रिदमधील एका मठांत. तेरावा आल्फोन्सो पदच्युत होऊन १९४१ मध्यें रोम येथें वारला. त्याचे अवशेष ३९ वर्षांनीं, १९८० मध्यें, स्वदेशीं आले. राज्य गेलें कीं राजाच्या अस्थींनाहि परदेशीं ताटकळावें लागतें, ही गोष्ट केवळ आपल्याच इतिहासांतली नव्हे.

३

आतां आपल्या शब्दांचा विचार करूं. राजाच्या दहनस्थानास आपण ‘समाधि’ म्हणतों. सम् आणि आ या उपसर्गांसह धा धातूपासून सिद्ध झालेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘नीट एकत्र ठेवणें, चित्ताची एकाग्रता’ असा आहे. योगशास्त्रांत ती शेवटची पायरी. संन्याशाचें दहन करीत नाहींत, त्यास भूमींत बसवितात. म्हणून त्या जागेसहि समाधि म्हणूं लागले. आळंदी येथील श्रीज्ञानेश्वरांची १२९६ मधील समाधि ही या अर्थानें यथार्थ समाधि होय. गृहस्थाश्रमी राजाचें दहन होतें, तेव्हां त्याच्या स्मारकास हा शब्द केवळ लक्षणेनेंच लागूं पडतो. ‘छत्री’ हा दुसरा शब्द अधिक अन्वर्थक आहे. छत्र हें राजचिन्ह. जिवंतपणीं राजाच्या मस्तकावर जें धरिलें जाई, तेंच तो गेल्यावर त्याच्या दहनभूमीवर दगडांत उभें केलें. ज्या कुलाची पदवीच ‘छत्रपति’, त्याला हें विशेष शोभतें.

आपल्या प्राचीन ग्रंथांत मृताचें स्मारक बांधण्याची कल्पना नव्हती, असेंहि कोणी समजूं नये. शतपथब्राह्मणाच्या तेराव्या कांडांत अस्थींवर रचावयाच्या मृत्तिकेच्या ढिगाऱ्याचा, म्हणजे ‘श्मशाना’चा, विधि सविस्तर आला आहे. क्षत्रियासाठीं त्याची उंची हात वर केलेल्या पुरुषाइतकी, ब्राह्मणासाठीं मुखापर्यंत, असें मापहि तेथें दिलें आहे. आश्वलायन गृह्यसूत्रांत दहनानंतर अस्थि कुंभांत भरून तो कुंभ खड्ड्यांत ठेवण्यास सांगितलें आहे. अस्थि तीर्थांत विसर्जन करण्याची चाल पुढें सर्वत्र रूढ झाली, तेव्हां जपून ठेवण्यासारखें भूमींत कांहीं उरलें नाहीं.

येथें पुद्रिदेरोची आठवण वाचकांनीं ठेवावी. ख्रिस्ती राजाचें मांस काळाच्या स्वाधीन करून अस्थि तेवढ्या उचलतात. आपल्याकडे मांस अग्नीच्या स्वाधीन करून अस्थि उचलतात. एस्कोरिअलच्या खोलीस ज्या कामास दशकें लागतात, तें चिता एका रात्रींत करिते. अस्थिसंचयन दोहोंकडे आहे. भेद पडतो तो त्यानंतर. त्यांच्या अस्थि वेदीखालीं स्थिर होतात. आमच्या वाहत्या पाण्यांत जातात.

पूर्वजांची ओळ एकत्र पाहण्याची हौसहि आपल्याकडे जुनी आहे. १९१२ पासून त. गणपतिशास्त्री यांनीं त्रिवेंद्रम येथून भासाचीं म्हणून जीं नाटकें प्रकाशित केलीं, त्यांतील ‘प्रतिमानाटका’च्या तिसऱ्या अंकांत असें एक प्रतिमागृह आहे. आजोळाहून परतणारा भरत अयोध्येच्या वेशीबाहेर तेथें शिरतो. दिलीप, रघु, अज अशा क्रमानें तो मूर्ति ओळखीत जातो आणि चौथी मूर्ति दशरथाची पाहून थबकतो. येथें जिवंतांच्या मूर्ति ठेवीत नाहींत, हें राखणदाराकडून कळतांच पित्याचें निधन त्याच्या ध्यानांत येतें. ही झाली नाट्यसृष्टि. परंतु महाराष्ट्रांत प्रत्यक्ष प्रमाण आहे. जुन्नरहून कोंकणांत उतरणाऱ्या नाणेघाटाच्या लेण्यांत सातवाहन राजकुलाच्या मूर्ति ओळीनें कोरलेल्या होत्या. मूर्ति झिजून व फुटून गेल्या, पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्या. पण वर कोरलेलीं सिमुक सातवाहन, देवी नायनिका, श्री सातकर्णि इत्यादि नांवें अजून वाचतां येतात. दोन हजार वर्षांपूर्वीं एका मराठदेशीय राजवंशानें आपलें कुल एकत्र मांडलें, आणि तेंहि राजधानींत न मांडतां व्यापारी वाटेवर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. अस्थि तेथें एकहि नाहीं.

४

आतां भोसलेकुलाकडे वळूं. शहाजीराजे १६६४ च्या जानेवारींत कर्नाटकांत शिकारीच्या वेळीं घोड्यावरून पडून होदिगेरे येथें वारले. त्यांची समाधि तेथेंच, सांप्रतच्या दावणगेरे जिल्ह्यांत आहे. राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजीं झाला आणि अवघ्या अकरा दिवसांनीं, १७ जून रोजीं, जिजाबाईसाहेबांनीं रायगडाच्या पायथ्याशीं पाचाड येथें देह ठेविला. त्यांची समाधि पाचाडास. शिवाजीमहाराजांचें निधन ३ एप्रिल १६८० रोजीं रायगडावर झालें; समाधि जगदीश्वराच्या देवळासमोर. संभाजीमहाराजांचा वध औरंगजेबानें ११ मार्च १६८९ रोजीं करविला. भीमेच्या कांठीं तुळापूर व वढू बुद्रुक हीं दोन्ही गांवें आज त्या स्मृतीचीं क्षेत्रें झालीं आहेत. राजाराममहाराज १७०० च्या मार्चांत सिंहगडावर वारले; समाधि सिंहगडावर. पांच व्यक्ति, तीन पिढ्या. आणि एकीची समाधि दुसऱ्याच्या शेजारीं नाहीं.

पुढें शाहूमहाराजांच्या कारकीर्दींत राज्य साताऱ्यास स्थिरावलें, तेव्हां समाधीहि कांहींशा एका जागीं येऊं लागल्या. साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम आहे, त्यास माहुली म्हणतात. पंतप्रतिनिधींनीं बांधविलेलीं देवळें तेथें आहेत. शाहूमहाराज १५ डिसेंबर १७४९ रोजीं निवर्तले. त्यांची राणी सकवारबाई सती गेली. त्यांची समाधि या संगमावर. त्यांच्याशीं जन्मभर वैर केलेल्या महाराणी ताराबाई १७६१ च्या डिसेंबरांत वारल्या. त्यांचीहि समाधि माहुलीसच, नदीच्या पात्रांत. जिवंतपणीं ज्यांनीं दोन गाद्या मांडल्या, त्यांस नदीनें एका कांठावर आणिलें. एस्कोरिअलशीं तुलना करावी असें भोसल्यांचें एखादें क्षेत्र असेल, तर तें हेंच. मात्र तेथें छप्पर नाहीं, दालन नाहीं, क्रमांक नाहींत. पावसाळ्यांत पूर चढतो, पाणी ओसरल्यावर चौथरे पुन्हां दिसूं लागतात.

कुलाच्या शाखा झाल्या तशी समाधींचीहि वांटणी झाली. कोल्हापूरच्या छत्रपतींचीं स्मारकें पंचगंगेच्या घाटावर आहेत. तंजावरच्या मराठे राजांची दहनभूमि तंजावरांतच असून तीस ‘राजा गोरी’ म्हणतात. नागपूरकर भोसल्यांच्या छत्र्या नागपुरास जुन्या शहराच्या दक्षिणेस, शुक्रवारीच्या बाजूस आहेत. पहिले रघूजी १७५५ मध्यें, दुसरे रघूजी १८१६ मध्यें आणि तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजीं नागपुरास वारले. पण या शाखेचेहि सर्व पुरुष तेथें नाहींत. अप्पासाहेब भोसले राज्य गमावून परागंदा झाले व १८४० मध्यें जोधपुराकडे वारले. साताऱ्याचे प्रतापसिंहमहाराज पदच्युत होऊन काशीस राहिले व १८४७ मध्यें तेथेंच निवर्तले. तेराव्या आल्फोन्सोप्रमाणें त्यांस परत आणण्यास राज्यहि उरलें नव्हतें आणि, दहनविधीमुळें, देहहि उरला नव्हता.

या सर्वांत अत्यंत दूरची समाधि कोल्हापूरच्या राजाराममहाराजांची. युरोपचा प्रवास आटोपून परततांना इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं ३० नोव्हेंबर १८७० रोजीं, ऐन तारुण्यांत, त्यांचें निधन झालें. त्या काळीं तेथें शवदहनाची चाल नव्हती. तथापि नगराधिकाऱ्यांनीं अनुज्ञा दिली, आणि आर्नो व मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर महाराजांचें दहन झालें. १८७४ मध्यें त्या जागीं छत्री उभारून तींत महाराजांचा अर्धपुतळा बसविला. पुढें जवळच आर्नो नदीवर झालेला पूलहि त्या भारतीयाच्याच नांवानें ओळखला जातो. परक्या भूमींत, परक्या विधींच्या लोकांमध्यें मरण आलें असतांहि संगम शोधला गेला, आणि मागून छत्रीहि आली. आपल्या राजसमाधीचीं दोन आवश्यक अंगें कोणतीं, हें या एका उदाहरणावरून स्पष्ट होतें: पाणी आणि छत्र.

५

समाधि विखुरल्या कां, याचीं कारणें आतां सांगतां येतात. पहिलें कारण विधीचें. देह न्यावयाचा नसला म्हणजे कुलाचें शवागार बांधण्याचें प्रयोजनच राहत नाहीं. जेथें अग्नि दिला ती जागा आणि जेथें अस्थि गेल्या तें तीर्थ, एवढ्यांत सर्व आटोपतें. दुसरें कारण राज्याच्या रीतीचें. मराठ्यांचा राजा व सेनापति घोड्यावर जगला आणि पुष्कळदां मोहिमेवरच मेला. पेशव्यांतहि पहिले बाजीराव १७४० मध्यें नर्मदाकांठीं रावेरखेडी येथें वारले व थोरले माधवराव १७७२ मध्यें थेऊरास. दोघांच्या समाधि तेथेंच आहेत. या समाधींची ठिकाणें नकाशावर मांडलीं तर राज्याच्या हालचालींचाच नकाशा तयार होतो, आणि एका दालनांतील २६ पेटिका ती माहिती देऊं शकत नाहींत. तिसरें कारण गृहकलहाचें. सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्यावर पूर्वजांस एकत्र आणण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्नच मोठा.

याचा एक परिणाम स्त्रियांच्या बाबतींत झाला, तोहि नोंदण्याजोगा आहे. एस्कोरिअलच्या मुख्य दालनांत स्त्रीचें स्थान राजाची माता म्हणून ठरतें. आपल्याकडे तसा सार्वत्रिक नियम नसल्यामुळें पाचाडची समाधि ही जिजाबाईसाहेबांची स्वतःची आहे, आणि माहुलीची ताराबाईंची स्वतःची. पण दुसऱ्या बाजूनें पाहतां सकवारबाईसारखींच्या वांट्यास आलें तें पतीच्या चितेवरचें मरण. दोन्ही गोष्टी सारख्याच सांगितल्या पाहिजेत.

६

मग रक्षण कशानें होतें? एस्कोरिअलचें रक्षण संगमरवरानें झालें असें वरवर वाटतें. वस्तुतः तें तेथील नित्यविधीनें झालें. दुसऱ्या फिलिपनें हिरोनिमाइट पंथाचे साधु तेथें वसविले, त्यांच्या योगक्षेमासाठीं उत्पन्नें तोडून दिलीं, आणि मृत राजकुलासाठीं अखंड प्रार्थना करण्याचें कर्तव्य त्यांच्यावर सोंपविलें. १८३७ मध्यें स्पेनांतील मठ मोडण्याच्या धोरणामुळें ते साधु तेथून गेले. १८८५ पासून ऑगस्टिनियन पंथाचे साधु ती वास्तु सांभाळतात. अस्थि जपणारीं माणसें आहेत, म्हणून अस्थि आहेत.

आपल्या समाधींसहि हाच न्याय लागूं आहे. समाधीवर शिवलिंग किंवा पादुका स्थापितात, पुजारी नेमतात, दिवाबत्तीसाठीं इनाम देतात, पुण्यतिथीस अन्नदान होतें. समाधीचा प्राण तो. अस्थि तेथें नसतात, म्हणून विधि थांबला कीं समाधि केवळ दगडांचा चौथरा होते. आणि चौथऱ्यावर बहुधा लेख नसल्यामुळें दोन पिढ्यांत नांवहि जातें.

रायगडाचें उदाहरण घ्या. १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजांनीं तो गड घेतला, आणि गडावरील नित्यनैमित्तिक व्यवस्था मोडली. मुंबईंतील जेम्स डग्लस नांवाच्या इंग्रज लेखकानें १८८३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या मुंबईविषयक ग्रंथांत या समाधीच्या दुर्दशेबद्दल जाहीर खेद केला. १८९५ मध्यें लोकमान्य टिळकांनीं ‘केसरी’तून चळवळ उचलली, निधि जमूं लागला, १८९६ मध्यें गडावर उत्सव झाला, आणि १९२६ मध्यें जुन्या चौथऱ्यावर आजची छत्री उभी राहिली. अर्थात् जें छत्र आज आपण पाहतों तें सतराव्या शतकांतलें नव्हे, लोकांनीं वर्गणी काढून धरलेलें आहे. राजाचें राज्य गेल्यावर त्याच्या मस्तकावर प्रजेनें छत्र धरावें, असें एस्कोरिअलच्या इतिहासांत घडलें नाहीं.

नागपूरची गोष्ट आम्हां वर्धेकडील लोकांस अधिक जवळची आहे. तिसरे रघूजी पुत्र नसतां वारले, आणि लॉर्ड डलहौसीनें १८५४ मध्यें नागपूरचें राज्य खालसा केलें. आमचा हा मुलूख तेव्हां त्याच राज्यांत मोडत होता. वर्धा हा स्वतंत्र जिल्हा १८६२ मध्यें झाला. खालसा होतांच राजवाड्यांतील जवाहीर व चीजवस्तूंचा लिलांव झाला, आणि पुढें सुमारें दहा वर्षांनीं जुना राजवाडाहि अग्नीच्या भक्ष्यस्थानीं पडला. वाडा गेला, खजिना गेला, छत्र्या राहिल्या. लिलांवांत दगडी छत्रीस गिऱ्हाईक नसतें, हें एक कारण. आणि भोसल्यांच्या वंशजांनीं व आश्रितांनीं देवधर्म सोडला नाहीं, हें दुसरें. पहिल्या कारणानें दगड राहिला, दुसऱ्यानें त्याचें नांव राहिलें.

एकत्र कुलस्मारकाचा मराठी प्रयत्न अगदींच झाला नाहीं असें नाहीं, पण त्याचें स्वरूप निराळें आहे. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनीं १८०३ मध्यें बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसलेवंशाचें समग्र चरित्र मराठींत कोरविलें. कुल एकत्र आणावयाचें होतें, तें त्यांनीं अक्षरांत आणिलें. बडोद्यास सयाजीराव गायकवाड महाराजांनीं १९३६ मध्यें पूर्वजांच्या स्मरणार्थ ‘कीर्तिमंदिर’ उभारलें, आणि त्याच्या भिंतींवर नंदलाल बोस यांच्याकडून चित्रें काढविलीं. नांवांतच सर्व आलें: तें अस्थींचें मंदिर नव्हे, कीर्तीचें. नाणेघाटाची परंपरा ती हीच.

७

ही परंपरा राजांबरोबर संपली असेंहि नाहीं. सावंगीहून वर्धा ओलांडून नागपूरच्या वाटेस लागलें कीं पवनार येतें. तेथें धाम नदीच्या पात्रांत एक छत्री आहे. महात्मा गांधींच्या अस्थि व रक्षा यांचा कांहीं भाग १२ फेब्रुवारी १९४८ रोजीं त्या ठिकाणीं विसर्जित झाला, आणि दर वर्षीं त्या तिथीस तेथें लोक जमतात. जो राजा नव्हता त्याच्या वांट्यासहि पाणी आणि छत्र हींच दोन अंगें आलीं, आणि ती छत्री जिवंत राहिली ती वर्षश्राद्धास जमणाऱ्या लोकांमुळें. आमच्या प्रतिपादनास याहून जवळचा व उघड दाखला हवा कशाला?

तेव्हां आरंभीं सांगितलेल्या आक्षेपास उत्तर असें. मराठ्यांनीं पूर्वजांच्या स्मृतीची हेळसांड केली म्हणून समाधि विखुरल्या नाहींत. दहन, तीर्थ आणि फिरतें राज्य यांमुळें त्या विखुरणेंच क्रमप्राप्त होतें. हेळसांड झाली ती नंतर, इनामें तुटल्यावर व पुजाऱ्यांचीं घराणीं पांगल्यावर. आणि तीस एकटे परकी राज्यकर्तेच कारण नाहींत. एस्कोरिअलमध्यें एका किल्लीनें सव्वीस राजेराण्यांचें रक्षण होतें. आमच्याकडे प्रत्येक समाधीस आपला एक राखणदार लागतो. म्हणून आमचें काम अधिक कठीण आहे. तें नाकारून चालणार नाहीं.

या कामास मोठें द्रव्य लागत नाहीं. विदर्भांत भोसल्यांचे सरदार, सुभेदार, कामाविसदार यांच्या छत्र्या व सतींचे चौरे नदीकांठीं व तळ्यांच्या पाळीवर ठिकठिकाणीं उभे आहेत. ज्यास आपल्या गांवची अशी एखादी छत्री ठाऊक असेल त्यानें इतक्या गोष्टी लिहून ठेवाव्या: चौथऱ्याचा आकार व मापें, तोंड कोणत्या दिशेस, वर लिंग, पादुका, तुळशीवृंदावन कीं नुसता दगड, जवळचें पाणी कोणतें, लेख असल्यास त्याचा ठसा, पूजा कोणाच्या घराण्याकडे होती व कोणत्या तिथीस होई, आणि तिच्यासाठीं एखादें शेत इनाम होतें काय. शेवटचे दोन प्रश्न आधीं विचारावे. मापें दहा वर्षांनींहि घेतां येतील, कारण दगड कोठें जात नाहीं. तिथि आणि नांव मात्र एखाद्या म्हाताऱ्या पुजाऱ्याच्या किंवा त्याच्या सुनेच्या तोंडींच काय तें उरलेलें असतें, आणि तें कोणत्याहि दप्तरांत सांपडत नाहीं.